परतीचा अग्निबाण

सिंहगड चढून जाणाऱ्याला दम लागतो तो चढतांना. उतरतांना त्याचे गुडघे बोलूं लागतात. चढण्याला बळ लागतें आणि उतरण्याला तोल लागतो, ही गोष्ट डोंगरांत हिंडणाऱ्या सर्वांच्या परिचयाची आहे. अवकाशयानाच्या बाबतींत मात्र लोकांचें सारें लक्ष चढण्याकडेच लागलेलें असतें. ज्वाळा ओकीत वर जाणारा अग्निबाण, त्याचा गडगडाट, मागें उरणारा धुराचा खांब, हें दृश्य डोळ्यांत भरण्यासारखें असतें यांत शंका नाहीं. परंतु त्या यानांतील माणसांना घरीं परत यावयाचें असतें. आणि त्यांची परत ज्या अग्निबाणावर अवलंबून असते तो कोणाला दिसत नाहीं, कोणाला ऐकूं येत नाहीं, आणि जेथें उतरावयाचें तेथून जवळजवळ अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर तो पेटविला जातो.

अवकाशांत वजन नसतें म्हणून यान तेथें तरंगत राहतें, अशी एक समजूत सुशिक्षित घरांतही आढळते. ती बरोबर नाहीं. चारशें किलोमीटर उंचीवर पृथ्वीचें आकर्षण जमिनीवरच्यापेक्षां शेंकडा अकरा-बारानेंच काय तें कमी भरतें. इतक्या उंचीवर एखादा धोंडा नुसता सोडून दिला तर तो सरळ खालीं येईल. यान खालीं येत नाहीं याचें कारण त्याचा आडवा वेग होय. न्यूटननें एका अतिशय उंच डोंगरावर तोफ ठेवून या गोष्टीचा उलगडा केला होता. तोफेचा गोळा जितक्या जोरानें आडवा सुटेल तितका तो दूर जाऊन पडेल. जोर वाढवीत नेला तर एक वेळ अशी येईल, कीं गोळा जितका खालीं पडतो तितकीच पृथ्वीची गोलाईही त्याच्याखालून वळून जाते, आणि गोळा सतत पडत असूनही जमिनीला लागत नाहीं. चारशें किलोमीटर उंचीवर यासाठीं दर सेकंदास सुमारे पावणेआठ किलोमीटर वेग लागतो. या वेगानें मुंबईहून पुण्यास जावयाला पुरतीं वीस सेकंदही लागणार नाहींत. आणि सबंध पृथ्वीची प्रदक्षिणा साधारण ब्याण्णव मिनिटांत पुरी होते.

तेव्हां यानाला परत आणावयाचें म्हणजे त्याला पाडावयाचें, असें म्हणणें फारसें नेमकें नाहीं. पडणें तर अहोरात्र चालूच असतें. पडतां पडतां जमीन चुकविण्याचा जो त्याचा क्रम चाललेला असतो, तेवढा मोडावयाचा असतो.

आतां हा वेग म्हणजे साधी गोष्ट नव्हे. एक किलो वजनाच्या वस्तूंत या वेगामुळें इतकी शक्ति सांठलेली असते, कीं तिची सगळी उष्णता केली तर स्वयंपाकघरांतील अकरा लिटर पाण्याची वाफ होऊन जाईल. सात टनांच्या यानाचा हिशेब ज्याचा त्यानें करून पाहावा. एवढी शक्ति कोठें तरी घालविल्यावांचून जमिनीवर पाऊल टेकतां येत नाहीं. ज्या अग्निबाणानें वेग दिला त्याच जातीच्या अग्निबाणानें तो काढूनही घ्यावा, हा विचार कोणालाही प्रथम सुचेल. परंतु त्याचा खर्च ऐकून छाती दडपते. नेहमींचें द्रव इंधन वापरलें, तर एक टन वजनाचें यान हवेंत पुरतें थांबविण्यास सुमारे बारा टन इंधन जाळावें लागेल. हें इंधनही आधीं जमिनीवरून वर न्यावें लागणार, आणि तें नेण्यासाठीं आणखी किती तरी पट इंधन लागणार. घरांतून निघतांना परतीच्या प्रवासाचें पाणी डोक्यावर घेऊन वाळवंट ओलांडण्यासारखाच हा प्रकार झाला.

यांतून वाट दाखविली ती पृथ्वीभोंवतालच्या हवेनें. जर्मनींतील एस्सेन शहराचे स्थापत्यविशारद वाल्टर होमान यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत, परतणाऱ्या यानानें आपला वेग हवेच्या विरोधावर झिजवावा, हा विचार आंकडेमोडीसह मांडला होता. त्या वेळीं अवकाशांत जाणारें यान तर सोडाच, शंभर मीटर उंच उडणारा द्रव इंधनाचा अग्निबाणही कोणाजवळ नव्हता! पुढें सर्व राष्ट्रांनीं हाच मार्ग पत्करला. अग्निबाणानें यानाला थांबवावयाचें नाहीं, तर त्याच्या वेगाला थोडीशी कात्री लावावयाची. तेवढ्यानें त्याचा मार्ग हवेच्या थरांत शिरेल असा वांकवावयाचा. आणि मग उरलेलें सर्व काम हवेवर सोंपवावयाचें.

ही कात्री किती लहान असते हें पाहण्यासारखें आहे. रशियाचें सोयुझ यान अवकाशस्थानकावरून परततांना आपल्या वेगांतून दर सेकंदास सुमारे १२८ मीटर एवढाच वेग कमी करतें. एकंदर वेगाच्या मानानें हें शेंकडा दोनहूनही कमी पडतें. रुपयांतून दीड-पावणेदोन पैसे काढून घ्यावेत तसें. यासाठीं यानाच्या वजनाच्या शेंकडा चार-पांच इतकें इंधन पुरतें. यानाचें मुख्य इंजिन सुमारे पावणेपांच मिनिटें चालतें, आणि तेवढ्यानें चारशें किलोमीटरचा प्रश्न सुटतो. तो कसा सुटतो?

गोल कक्षेंत फिरणाऱ्या यानाचा वेग एका ठिकाणीं घटविला, तर तें त्या ठिकाणीं खालीं कोसळत नाहीं. त्याची कक्षा लांबट होते, आणि ती खालावते ती पृथ्वीच्या नेमक्या पलीकडच्या बाजूला. हिशेब मोठा सोपा आहे. दर सेकंदास एक मीटर वेग कमी केला कीं पलीकडच्या बाजूची उंची सुमारे साडेतीन किलोमीटरनीं उतरते. शंभर मीटर कमी केला तर साडेतीनशें किलोमीटरनीं. म्हणजे चारशें किलोमीटर उंचीवरून निघालेलें यान अर्धी प्रदक्षिणा होण्याच्या आंतच शंभर-सव्वाशें किलोमीटरच्या पातळीवर, जेथें हवा अंगाला जाणवूं लागते तेथें, येऊन पोहोंचतें. कझाकस्तानच्या मैदानांत उतरणाऱ्या सोयुझचें इंजिन म्हणूनच बहुधा दक्षिण अटलांटिक महासागरावर पेटविलें जातें. अमेरिकेचीं स्पेस शटल यानें २०११ पर्यंत उडत होतीं. त्यांतील पुष्कळांनीं फ्लोरिडांत उतरण्यासाठीं आपला वेग हिंदी महासागरावर घटविला. खालच्या कोळ्यांना त्याची गंधवार्ताही नसे.

येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगण्याजोगी आहे. वेग घटविल्यावर यान खालीं येऊं लागतें, आणि खालीं येतां येतां त्याचा वेग पुन्हां वाढत जातो. हवेला भिडतांना तो सुरुवातीच्या वेगाहूनही थोडा अधिक भरतो! तेव्हां ज्याला लोक ब्रेक म्हणतात त्या अग्निबाणानें शेवटीं यानाचा वेग कमी होत नाहीं, वाढतो. बैलगाडीच्या किंवा मोटारीच्या ब्रेकवरून त्याची कल्पना करणारा फसतो तो येथेंच. आगगाडीच्या सांध्यावर रूळ बदलणारा जो माणूस असतो, त्याच्या कामाशीं या अग्निबाणाचें काम अधिक जुळतें.

दुसरी फसगत दिशेची. पृथ्वी खालीं आहे, तेव्हां यानाचें नाक खालीं करून इंजिन लावलें कीं तें खालीं जाईल, हा तर्क कोणीही करील. परंतु सोयुझनें तेवढाच जोर सरळ खालच्या दिशेनें लावला, तर पाव प्रदक्षिणेनंतर तें शंभर-सव्वाशें किलोमीटर खालीं येईल आणि पुढच्या अर्ध्या प्रदक्षिणेंत मूळ उंचीच्या तितकेंच वर चढेल. घरीं मात्र पोहोंचणार नाहीं. जोर लावावयाचा तो प्रवासाच्या बरोबर उलट. यासाठीं यान आधीं पाठमोरें फिरवावें लागतें, म्हणजे इंजिनाचें तोंड पुढें आणि माणसांची पाठ पुढें. आणि चुकून तें फिरलेंच नाहीं, किंवा भलतीकडेच फिरलें तर? त्याचें उत्तर इतिहासांत नोंदलेलें आहे.

मे १९६० मध्यें सोव्हिएट रशियानें माणसाच्या प्रवासाची पूर्वतयारी म्हणून एक रिकामें यान कक्षेंत सोडलें. चार दिवसांनीं तें खालीं आणण्यासाठीं त्याचें इंजिन पेटविण्यांत आलें. इंजिनानें आपलें काम चोख केलें. पण यानाला दिशा दाखविणाऱ्या यंत्रांत बिघाड झालेला होता व यानाचें तोंड भलतीकडे होतें. परिणाम असा झाला, कीं यान खालीं येण्याऐवजीं जवळजवळ सातशें किलोमीटर उंचीपर्यंत जाऊन पोहोंचणाऱ्या कक्षेंत चढलें. त्यांत माणूस असता तर त्याची गत काय झाली असती हें सांगावयास नको. त्या यानाचा सुमारे नऊ किलो वजनाचा एक तुकडा दोन वर्षांनंतर, ५ सप्टेंबर १९६२ रोजीं, अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत मॅनिटोवॉक गांवच्या भर रस्त्यांत येऊन पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, म्हणजे १९६० च्या, दोन कुत्र्यांना घेऊन गेलेल्या दुसऱ्या एका यानाचें इंजिन पुरेसा वेळ चाललें नाहीं. यान परक्या प्रदेशांत उतरूं नये म्हणून त्यांत ठेवलेल्या स्फोटकानें त्याचा चुरा केला.

ही पार्श्वभूमि ध्यानांत घेतली म्हणजे १२ एप्रिल १९६१ रोजीं युरी गागारिन यानांत बसला तेव्हां त्यानें काय पत्करलें होतें याची कल्पना येते. त्याच्या यानांत परतीचें इंजिन एकच होतें. तें पेटलेंच नाहीं तर काय करावयाचें? रशियन शास्त्रज्ञांनीं योजलें होतें, कीं कक्षाच इतकी खालची ठेवावी, कीं वरच्या विरळ हवेच्या घर्षणानेंच यान दहा दिवसांच्या आंत आपोआप खालीं यावें. आणि म्हणून यानांत दहा दिवसांचें अन्नपाणी भरलेलें होतें. प्रत्यक्षांत अग्निबाणानें त्याला ठरल्यापेक्षां अधिक उंच नेऊन सोडलें, आणि ही तोड निकामी झाली. अर्थात् सर्व भिस्त त्या एका इंजिनावर येऊन ठेपली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ तें पेटलें आणि चाळीसएक सेकंद चाललें. तरी ठरल्यापेक्षां किंचित् कमीच. यान गरगर फिरूं लागलें, आणि इंजिनाचा जो भाग ताबडतोब सुटून जावयाचा तो तारांच्या एका जुडग्यानें अडकून मागें लोंबकळत राहिला. सुमारें दहा मिनिटांनीं त्या तारा तुटल्या व माणसाचा गोल कक्ष मोकळा झाला. १०८ मिनिटांच्या त्या जगप्रसिद्ध प्रवासांत हीं दहा मिनिटें फार दिवस लोकांना ठाऊक नव्हतीं.

हवेंत शिरतांना यानाच्या अंगावर येणाऱ्या उष्णतेचा विषय स्वतंत्र आहे व मोठा आहे. येथें एवढेंच सांगणें पुरें, कीं टोंकदार यानापेक्षां बोथट यान अधिक सुरक्षित असतें, हें अमेरिकन संशोधक जूलियन अॅलन यांनीं १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत दाखवून दिलें. बोथट तोंडापुढें हवेची एक दाबलेली लाट उभी राहते, आणि बहुतेक उष्णता यानाला न शिवतां त्या लाटेंतूनच बाजूला निघून जाते. परंतु हवेंत शिरण्याचा कोन साधला पाहिजे. तो फार उतरता झाला तर यान एकाएकीं दाट हवेंत घुसतें आणि आंतल्या माणसाचें वजन दसपटीच्याही वर जाऊन त्याचे प्राण कासावीस होतात. फार सपाट झाला तर यान विरळ हवेंतच लांबवर घसरत जातें आणि कोठल्या कोठें उतरतें. हा कोन ठरतो तो अर्धी पृथ्वी मागें, इंजिन पेटविण्याच्या त्या थोड्या मिनिटांत.

सेकंदांची आणि अंशांची किंमत काय असते, याचा धडा २४ मे १९६२ रोजीं मिळाला. अमेरिकेचा अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर याच्या यानाला तीन लहान घन इंधनाचे अग्निबाण पट्ट्यांनीं बांधलेले होते. परतीच्या वेळीं तीन गोष्टी बिघडल्या. यानाचें तोंड योग्य दिशेपासून २५ अंश एका बाजूला वळलेलें होतें. अग्निबाण आपोआप पेटले नाहींत, म्हणून कार्पेंटरला बटण दाबावें लागलें, व त्यांत तीन सेकंद उशीर झाला. आणि अग्निबाणांचा जोरही शेंकडा तीननें कमी पडला. तिन्ही चुका ऐकावयास क्षुल्लक वाटतात. परंतु पंचवीस अंश तिरपें लावलेल्या जोराचा शेंकडा नऊ भाग वायां जातो. तेवढ्या एका गोष्टीनेंच यान सुमारे २८० किलोमीटर पुढें गेलें. जोर कमी पडल्यानें आणखी शंभरएक किलोमीटरची भर पडली. तीन सेकंदांच्या उशिरामुळें वीस-पंचवीस किलोमीटर वाढले. एकंदरींत कार्पेंटर ठरल्या जागेपासून सुमारे चारशें किलोमीटर पलीकडे समुद्रांत उतरला. बराच वेळ त्याचा ठावठिकाणा लागेना, आणि घरोघर दूरचित्रवाणीपुढें बसलेल्या अमेरिकन लोकांना, हा माणूस गेला, असेंच वाटूं लागलें. तो मात्र आपल्या रबरी तराफ्यांत स्वस्थ बसला होता. तीन तासांनीं त्याला उचलण्यांत आलें.

त्याच वर्षीं फेब्रुवारींत जॉन ग्लेन याच्या बाबतींत या बांधलेल्या अग्निबाणांचा एक वेगळाच उपयोग झाला होता. यानाच्या तळाशीं असलेली उष्णतेची ढाल सैल झाली आहे, असा इशारा जमिनीवरच्या यंत्रांत उमटला. जळून गेलेल्या अग्निबाणांचें खोकें नेहमीं टाकून देत. पण या वेळीं तें पट्ट्यांसह तसेंच ठेवावें, म्हणजे ढाल निदान थोडा वेळ जागेवर राहील, असें ठरलें. ग्लेन खालीं येतांना त्या खोक्याचे पेटलेले तुकडे त्याच्या खिडकीवरून उडत गेले, आणि ते ढालीचेच तुकडे तर नव्हेत अशी शंका त्याला चाटून गेली. उतरल्यावर कळलें, कीं ढाल शाबूत होती. इशारा देणारें बटणच सदोष होतें.

परंतु या सर्वांहून अधिक बिकट प्रसंग १९८८ सालचा आहे. त्या वेळेपर्यंत अवकाशयात्रा नित्याची बाब होऊन गेली होती, आणि म्हणूनच तो अधिक विचार करण्याजोगा आहे. रशियाच्या मीर स्थानकावरून व्लादिमीर ल्याखोव आणि अफगाणिस्तानचे पहिले अंतराळवीर अब्दुल अहद मोमंद हे ६ सप्टेंबर रोजीं सोयुझ यानानें परत निघाले. सोयुझचे तीन भाग असतात. पुढें राहण्याचा गोल कक्ष, मध्यें उतरण्याचा कक्ष, आणि मागें इंजिनाचा भाग. इंधन वांचविण्यासाठीं त्या काळीं पुढचा गोल कक्ष इंजिन पेटविण्यापूर्वींच सोडून देत असत. अन्न, शौचाची सोय आणि स्थानकाला जोडण्याची कडी, सर्व कांहीं त्याच कक्षांत असे. तो सुटला कीं परत मीरकडे जाण्याचा मार्गच बंद होई.

कक्ष सोडून झाला. इंजिन पेटविण्याची वेळ आली, तेव्हां क्षितिज ओळखणाऱ्या यंत्राचा गोंधळ झाला आणि गणकयंत्रानें इंजिन रोखून धरलें. कांहीं मिनिटांनीं खूण पटतांच त्यानें आपण होऊन इंजिन सुरू केलें; पण आतां उतरण्याची जागा निघून गेली होती. ल्याखोवनीं तीन सेकंदांत तें बंद केलें. दोन प्रदक्षिणांनंतर दुसरा प्रयत्न झाला. या वेळीं इंजिन अवघे सहा सेकंद चाललें, कारण गणकयंत्र जुनाच एक कार्यक्रम चालवीत होतें. ल्याखोवनीं हातानें तें पुन्हां चालू केलें, तें मिनिटभर चाललें आणि पुन्हां बंद पडलें. मग जो धोका निर्माण झाला तो खरोखर अंगावर कांटा आणणारा होता. गणकयंत्राच्या समजुतीप्रमाणें इंजिनाचें काम संपलेलें होतें. म्हणून त्यानें पुढचा क्रम, म्हणजे इंजिनाचा भागच यानापासून तोडून टाकण्याचा क्रम, सुरू केला होता. तो भाग गेला असता तर दोन माणसें एका बंद घुमटींत, इंजिनावांचून, पृथ्वीभोंवतीं फिरत राहिलीं असतीं आणि आंतली हवा संपण्याची वाट पाहण्यापलीकडे त्यांना कांहीं करतां आलें नसतें. ल्याखोवनीं तो क्रम वेळेवर थांबविला. त्यानंतर सबंध एक दिवस त्या दोघांनीं, जेथें नीट पाय पसरतां येत नाहींत अशा जागेंत, शौचाच्या सोयीवांचून आणि संकटकाळच्या शिध्यावर काढला. ७ सप्टेंबरला इंजिन ठरल्याप्रमाणें चाललें आणि दोघे कझाकस्तानांत सुखरूप उतरले. तेव्हांपासून सोयुझचा पुढचा कक्ष, इंजिनाचें काम पुरें होईपर्यंत, सोडण्यांत येत नाहीं. थोडें इंधन अधिक जळतें, जळो बापडें.

हें सर्व ऐकून कोणी विचारील, कीं हा अग्निबाण पेटविलाच नाहीं तर यान कायमचेंच वर राहील काय? नाहीं. दोन-चारशें किलोमीटरवरही हवेचा अतिविरळ अंश असतो, आणि तो फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूचा वेग थोडाथोडा चोरीत असतो. आठवड्यांनीं, महिन्यांनीं, वर्षांनीं, पण ती वस्तु खालीं येतेच. केव्हां आणि कोठें, एवढेंच कोणाच्या हातीं नसतें. अमेरिकेची सुमारे ७७ टनांची स्कायलॅब प्रयोगशाळा ११ जुलै १९७९ रोजीं अशीच खालीं आली. तिला उतरविण्याजोगें इंजिन तिच्याजवळ नव्हतें. ती कोठें पडेल या चिंतेनें त्या दिवसांत भारतांतही गांवोगांवीं घबराट माजली होती. अखेर तिचे तुकडे हिंदी महासागरांत व पश्चिम ऑस्ट्रेलियांत पडले. उलट रशियाचें मीर स्थानक स्कायलॅबहून कितीतरी जड असूनही, २३ मार्च २००१ रोजीं त्याला जोडलेल्या मालवाहू यानाचें इंजिन तीनदां चालवून तें दक्षिण पॅसिफिकच्या निर्मनुष्य भागांत नेमकें उतरविण्यांत आलें.

महाराष्ट्रानेंही या प्रकाराची एक झलक पाहिलेली आहे. २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या सायंकाळीं, विदर्भांतील लोकांना आकाशांतून जळत जाणाऱ्या तेजस्वी रेषा दिसल्या. कोणी त्यांना उल्का म्हटलें, कोणी विमान कोसळलें असें म्हटलें. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी गांवीं धातूचें एक मोठें कडें येऊन पडलें. सुमारे वर्षापूर्वीं उडालेल्या एका चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनीं काढला. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. ज्याला खालीं आणण्याची योजनाच नव्हती तें कडें सणाच्या दिवशीं कोणाच्या अंगणांत पडेल, हें हवेनें परस्पर ठरविलें.

भारतानें ही विद्या आपल्या हातानें प्रथम आजमावली ती जानेवारी २००७ मध्यें. १० तारखेस श्रीहरिकोट्याहून ५५० किलो वजनाचें एक छोटें यान कक्षेंत सोडण्यांत आलें. त्याचा मुख्य हेतु परत येणें. २२ तारखेस सकाळीं तें पाठमोरें फिरविण्यांत आलें. नऊच्या सुमारास त्याचे अग्निबाण पेटले व सुमारे दहा मिनिटें चालले. आणखी सत्तावीस मिनिटांनीं यान शंभर किलोमीटर उंचीवर हवेंत शिरलें. त्या वेळीं त्याचा वेग दर सेकंदास सुमारे आठ किलोमीटर होता. पांच किलोमीटर उंचीवर येईतों हवेनें तो दर सेकंदास सुमारे शंभर मीटरपर्यंत उतरविला, मग हवाई छत्र्या उघडल्या, आणि पावणेदहाच्या सुमारास श्रीहरिकोट्याच्या पूर्वेस बंगालच्या उपसागरांत यान अलगद उतरलें. वेगाची बेरीज-वजाबाकी पाहिली तर अग्निबाणांचा वांटा किती लहान आणि हवेचा किती मोठा, हें या एका उदाहरणांतही स्पष्ट दिसतें.

इंजिन लहान असेल तर तें अधिक वेळ चालवावें लागतें, एवढाच यानायानांतील फरक. शुभांशु शुक्ला १५ जुलै २०२५ रोजीं ज्या ड्रॅगन यानांतून परतले त्याचीं इंजिनें अगदीं छोटीं असतात. म्हणून तीं सुमारे अठरा मिनिटें चालविण्यांत आलीं, आणि यान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पॅसिफिकमध्यें उतरलें. राकेश शर्मा ११ एप्रिल १९८४ रोजीं परतले ते सोयुझमधून, म्हणजे त्यांना पाणी नव्हे, कझाकस्तानची कोरडी जमीन लाभली.

जमिनीवर उतरणाऱ्यांसाठीं सोयुझमध्यें आणखी एक अग्निबाणांचा संच असतो. पहिले इंजिन तर केव्हांच टाकून दिलेलें असतें आणि तें हवेंत जळून खाक झालेलें असतें. हवेनें वेग खाल्ला, छत्रीनें उरलासुरला आवरला, तरी यान दर सेकंदास सहा-सात मीटर वेगानें खालीं येत असतें. घराच्या पहिल्या मजल्यावरून उडी मारली तर जो हिसका बसेल तितकाच. म्हणून जमीन एक मीटराहूनही कमी अंतरावर आली, कीं यानाच्या तळाचे लहान अग्निबाण निमिषभर पेटतात. उतरतांनाच्या चित्रांत यानाभोंवतीं एकदम धुळीचा प्रचंड लोट उठलेला दिसतो, आणि पाहणाऱ्यांना वाटतें, कीं यान आपटलें. तो लोट त्या अग्निबाणांनीं उडविलेला असतो, आणि त्याच्या आंत यान बहुधा एका कुशीवर कललेलें पडलेलें असतें.